रेड डॉट साइट, उन्हाळा ते दिवाळी: ठिपका सुरेख, पण बंद म्हणजे बंद असायला हवं

माझ्या एअर रायफलवरच्या रेड डॉट साइटचा, म्हणजे काचेत लाल ठिपका दाखवून नेम धरायला मदत करणाऱ्या उपकरणाचा, सेल पुन्हा उतरला. साइट बंद केलेली, वर रबरी टोपी लावलेली, रायफलसकट कपाटात ठेवलेली. पावसाळ्यात गच्चीवर नेमबाजी जवळजवळ झालीच नाही. दसरा उलटल्यावर रायफल बाहेर काढली तर काचेत ठिपक्याचा पत्ता नाही. हा अनुभव मी मे महिन्यातच लिहायला घेतला होता आणि तेव्हा तो सगळा कौतुकाचा होता. आता त्यातला काही भाग बदलावा लागला. कौतुक कमी झालेलं नाही, पण एका गोष्टीबद्दल मनापासून राग आहे आणि तो सविस्तर लिहिणार आहे.

वस्तू अशी आहे: उघड्या काचेची, 3 एमओएच्या ठिपक्याची (एमओए हे कोनाचं माप, अंशाचा साठावा भाग), सीआर2032 या नाण्यासारख्या चपट्या सेलवर चालणारी, साडेचार हजारांच्या आतबाहेर मिळणारी साइट. हलवली की जागी होते, स्थिर राहिली की काही मिनिटांत झोपते. माझी .177 इंच व्यासाच्या छर्र्याची स्प्रिंगवाली एअर रायफल, अंतर 10 मीटर, समोर कागदी कार्ड, मागे जाड पत्र्याच्या पेटीत रेतीची पिशवी. कंपनीचं आणि विकणाऱ्याचं नाव लिहीत नाही. अशा घडणीच्या साइट अनेक नावांनी विकल्या जातात, त्यामुळे हे वाचून तुमच्याजवळची तपासून बघा.

आधी ही घेतली का, ते सांगतो. पन्नाशी ओलांडल्यावर उघड्या साइटवर नेम धरणं म्हणजे डोळ्यांची परीक्षा. मागची खाच, पुढची माशी (नळीच्या टोकावरचा उंचवटा) आणि कार्ड, तिन्ही वेगवेगळ्या अंतरांवर. तरुण डोळा भराभर एकावरून दुसरीवर जातो. माझा जात नाही. माशी स्पष्ट दिसावी म्हणून चष्म्याच्या खालच्या भागातून बघायला मान वर करायची, की कार्ड विरघळतं. कार्ड नीट दिसलं की माशीला केस फुटतात. रेड डॉटमध्ये ठिपका दूर असल्यासारखा दिसतो, म्हणजे कार्डाकडे बघायचं आणि ठिपका कार्डावरच असतो. एकाच ठिकाणी नजर. दोन्ही डोळे उघडे. पहिल्याच सकाळी पाच छर्रे एका रुपयाच्या नाण्याखाली झाकतील असे बसले, तेव्हा मला खरोखर आनंद झाला. असं कार्ड माझ्या हातून कित्येक वर्षांत निघालं नव्हतं.

आता सेलचं.

उन्हाळ्यात पहिला सेल गेला तेव्हा वाटलं, खोक्यात फुकट आलेला सेल, जुना असेल. नागपूरच्या बर्डीवरून चांगल्या कंपनीचा आणला. तोही न वापरता गेला, तेव्हा मल्टिमीटर काढला. नोकरीची सगळी वर्षं विजेच्या कामात गेली आहेत, त्यामुळे कुठे काय खातंय हे मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही. साइट बंद, ठिपका नाही, आणि मीटरवर 90 मायक्रोअँप (मायक्रोअँप म्हणजे मिलिअँपचा हजारावा भाग). पुन्हा मोजलं, तेवढंच. सीआर2032 मध्ये साधारण 220 मिलिअँप-तास असतात. भागाकार केला तर 2,400 तासांच्या थोडं वर, म्हणजे जेमतेम साडेतीन महिने. गळक्या नळासारखं आहे हे: बादली तुम्ही वापरा की नका वापरू, टाकी रिकामी होणारच.

कारण समजण्यासारखं आहे. हलवल्यावर जागं व्हायचं तर आतला सेन्सर आणि त्याची चिप सतत जागी राहायला हवी. बटण दाबून आपण फक्त ठिपका विझवतो, विजेचा मार्ग तुटत नाही. चांगल्या घडणीत ही जागी राहण्याची भूक काही मायक्रोअँपवर आणता येते. इथे ती कुणी मोजलेलीच दिसत नाही.

चाळीस-पन्नास रुपयांच्या सेलसाठी एवढं कशाला, असं पुतण्यानेही विचारलं. दुःख सेलच्या किमतीचं नाहीच. या साइटचा सेल बुडाला आहे. बदलायचा तर साइट रायफलवरून सोडवायची, म्हणजे झिरो (ठिपका जिथे, छर्रा तिथेच लागण्याची जुळणी) गेला. पुन्हा बसवायची, स्क्रू सारखे आवळायचे, पुन्हा कार्ड लावायचं, पुन्हा छर्रे झाडायचे आणि विंडेज-एलिव्हेशन (आडवी-उभी जुळणी) जागेवर आणायचं. अख्खी सकाळ जाते. वर मे महिन्यात नागपुरात सकाळ म्हणजे किती वेळ? साडेसातनंतर गच्चीवर हात टेकवत नाही. सेल बाजूच्या झाकणातून निघत असता तर मी ही तक्रार दोन ओळींत संपवली असती.

आणि कमी विजेत चालणं जमतच नाही असंही नाही. असल्या साइटचा इतिहास बघितला तर अर्धा इतिहास ठिपक्याला उजेड कुठून पुरवायचा याचाच आहे. मूळ कल्पना डब्लिनचे दुर्बीण बनवणारे हॉवर्ड ग्रब यांची, पेटंट 1900 सालचं. (हैदराबादच्या निजामिया वेधशाळेतली 15 इंची दुर्बीणही ग्रब यांच्याच कारखान्यातली.) खुणेतून निघालेले किरण समांतर करून तिरप्या काचेवरून डोळ्यात आणायचे, की खूण दूर लक्ष्यावर ठेवल्यासारखी दिसते. पण तेव्हा एलईडी कुठे होते? पहिल्या महायुद्धाच्या शेवटी जर्मनांनी लढाऊ विमानांवर असली साइट बसवून बघितली आणि दुसऱ्या महायुद्धात ती विमानांवर सर्रास आली, कारण विमानात बल्ब पेटवायला वीज हाताशी होती. खांद्यावरच्या बंदुकीला ती सोय नव्हती. 1970 मध्ये हनोईजवळ सोन ताय इथल्या कैद्यांच्या छावणीवर अमेरिकनांनी छापा घातला, तेव्हा त्यांच्या रायफलींवर सिंगलपॉइंट नावाची साइट होती. तिच्यातून आरपार दिसतच नसे. एका डोळ्याला ठिपका, दुसऱ्याला लक्ष्य, आणि दोन्हींची जुळणी मेंदूने करायची.

मग 1975 मध्ये स्वीडनच्या एमपॉइंटने एलईडी आणि छोट्या सेलवर चालणारी साइट आणली. सुरुवातीची गिऱ्हाइकं शिकारी होती, झाडीतून पळणाऱ्या जनावरावर पटकन नेम हवा असणारी. पिस्तुलाच्या वेगवान स्पर्धांत 1990 च्या सुमारास ठिपका आला आणि पुढे त्यासाठी वेगळा गटच झाला. 1997 मध्ये अमेरिकी लष्कराने एमपॉइंटची साइट एम68 नावाने घेतली. सैनिकाला ऐनवेळी बटण शोधायला लावणं परवडत नाही, म्हणून साइट कायम चालू ठेवता यावी याच्या मागे एमपॉइंटवाले लागले. त्यांच्या 2000 च्या कॉम्पएम2 साइटने एका सेलवर 10,000 तास गाठले. 2007 च्या मायक्रो टी-1 ने मधल्या प्रखरतेवर 50,000 तास, आणि तेही याच सीआर2032 वर! पाच वर्षांहून जास्त, अखंड चालू. पुन्हा भागाकार करा: 220 मिलिअँप-तास भागिले 50,000 म्हणजे सुमारे साडेचार मायक्रोअँप. त्यांचा पेटलेला ठिपका जेवढी वीज खातो, त्याच्या वीसपट माझी विझलेली साइट खाते. किमतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे हे मान्य, आणि त्या प्रतीचा एलईडी साडेचार हजारांत मागणारा मी नाही. पण बंद करायला एक खरा स्विच लावायला किती पैसे पडतात, हे मला ठाऊक आहे.

तक्रार केली. फोनवरच्या मुलाचं पहिलं उत्तर: सेल वॉरंटीत येत नाही. म्हटलं, बाळा, मी सेल मागत नाहीये, साइट सेल खाते ते सांगतोय. दुसरं उत्तर: स्प्रिंगच्या रायफलवर बसवली म्हणून वॉरंटी गेली. आता स्प्रिंगची रायफल साइटला वाईट असते, हे खरंच आहे. पिस्टन पुढे धावताना रायफल मागे सरकते आणि पिस्टन टोकाला आदळला की पुढे झटका बसतो. दोन्ही दिशांचे हादरे सोसताना भल्याभल्या दुर्बिणींच्या काचा आतून सुटतात. पण खोक्यावर एअर रायफलचं चित्र छापलंय, आणि हादऱ्याने ठिपका हलेल, तुटेल, विजेची गळती का व्हावी? मीटरचे फोटो पाठवले, खोक्याचा फोटो पाठवला, रोज सकाळी एक मेल पाठवला. शेवटी बदलून द्यायला तयार झाले, कुरिअरचा खर्च माझा.

ती बदलून येईपर्यंत मी जुन्या खाच-माशीवर परतलो आणि तिथे माझं मत फिरलं. तोवर ठरवलं होतं की पैसे परत मागायचे आणि विषय संपवायचा. पण कार्डांवर छर्रे पुन्हा पांगले, मान दुखायला लागली, आणि अर्ध्या तासात डोळ्यांतून पाणी. ठिपक्याने मला काय दिलं होतं हे तेव्हा नीट कळलं. नवी साइट आली, मीटर लावला: 85. म्हणजे नग खराब नव्हता, आखणीच तशी आहे. तरीही मी ती ठेवून घेतली.

सध्याची व्यवस्था अशी. साइट झटपट निघणाऱ्या क्लॅम्पवर बसवली आहे. रायफलला 11 मिमीची डव्हटेल आणि साइटला पिकॅटिनी, साइट बसवायच्या या दोन पट्ट्या वेगवेगळ्या, म्हणून मध्ये अडॅप्टर लागतोच. तो घेताना मागे सरकू नये म्हणून अडवणारी पिन असलेलाच घ्या, नाहीतर स्प्रिंगचा झटका क्लॅम्पला इंचइंच मागे नेतो. नेमबाजी झाली की साइट काढायची, सेल बाहेर, दोन्ही वेगवेगळ्या डबीत. परत लावल्यावर झिरो चार-पाच मिलिमीटर हलतो आणि थोडक्यात जागेवर येतो. मला चालतं. रोज स्पर्धेचा सराव करणाऱ्याला चालणार नाही. तसंही 10 मीटरच्या आयएसएसएफ (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघ) एअर रायफल आणि एअर पिस्तूल प्रकारांत अशी साइट चालत नाही. पोरांना त्या वाटेने जायचं असेल तर त्यांच्या हाती ही देऊच नका, बारीक भोकाची पीप साइटच शिकवा.

दोन गोष्टी कुठल्याच जाहिरातीत नीट लिहीत नाहीत. पहिली, पॅरॅलॅक्स, म्हणजे डोळा हलला की नेम सरकणं. ‘डोळा कुठेही ठेवा, ठिपका लक्ष्यावरच’ हे लांबच्या मोठ्या लक्ष्याला ठीक आहे. किरण समांतर असले तरी डोळा काचेच्या मध्यापासून जितका बाजूला, तितकाच नेम बाजूला जाऊ शकतो. माझ्या काचेत ते सेंटिमीटरभर होतं. पन्नास मीटरवरच्या डब्याला सेंटिमीटरने काही होत नाही. पण 10 मीटरच्या एअर रायफल कार्डाचा काळा गोलच 30.5 मिमीचा, तिथे सेंटिमीटर म्हणजे तीन-चार गुणांचं नुकसान. ठिपका काचेच्या मध्यावर ठेवायची सवय लावा, गाल दर वेळी त्याच जागी टेकवा. 3 एमओएचा ठिपका या अंतरावर पावणेनऊ मिलिमीटर जागा झाकतो. रायफल कार्डाचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, तो पार गडप होतो. म्हणून मी पिस्तुलाचं कार्ड लावतो. त्याचं दहाचं वर्तुळ 11.5 मिमीचं आहे आणि ठिपका त्यात नेटका बसतो.

दुसरी, ठिपका गोल न दिसता फुटलेला, शेपटीवाला दिसणं. माल खराब म्हणून परत पाठवण्याआधी मोबाइलने काचेतून फोटो काढा. फोटोत गोल आला तर दोष साइटचा नाही, डोळ्याच्या असमान वक्रतेचा, म्हणजे अ‍ॅस्टिग्मॅटिझमचा. माझा ठिपका चष्म्याशिवाय स्वल्पविरामासारखा दिसतो, चष्म्याने गोल. आणि प्रखरता कमी ठेवा. मंद ठिपका सगळ्यांनाच नीटस दिसतो, शिवाय सेलही वाचतो.

उन्हाबद्दल विचारणा होतात. 45 अंशांच्या दिवसांत घरात ठेवलेल्या साइटला काही झालं नाही. बंद गाडीत मात्र ठेवू नका. दुपारच्या उन्हात चुन्याच्या पांढऱ्या भिंतीवर ठिपका सर्वांत वरच्या प्रखरतेलाही फिका पडतो. पावसाळ्यात काचेवर वाफ धरते, पुसायला चष्म्याचं फडकं पुरतं.

शेजारचे एक गृहस्थ भेटले की विचारतात, “काय भाऊ, माकडं हाकलायला घेतली काय?” त्यांना सांगितलं तेच इथेही लिहितो. वानर असो की पक्षी, अशा रायफलचा छर्रा जनावराला हाल हाल करून मारतो किंवा आंधळं करतो, आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा आहे. ठिपक्यामुळे नेम सोपा होतो म्हणून तर हे जास्त जपायला हवं. कार्ड, डबे, बाटलीची झाकणं, एवढंच.

घ्यावी का? डोळे पंचविशीतले असतील तर घेऊ नका, तेवढ्या पैशांत छर्रे घ्या आणि माशीवर हात बसवा. चाळिशीच्या चष्म्याने नेमबाजी सुटली असेल तर जरूर घ्या, पण फिरवून कट्‌कन बंद होणाऱ्या बटणाची आणि बाजूने सेल निघणारी बघा. हलवल्यावर जागी होण्याची सोय नसली तरी बिघडत नाही. दुकानात घेत असाल तर मीटर सोबत न्या, सेल आणि कप्प्याच्या मध्ये लावून बंद स्थितीतला आकडा वाचा. 10 मायक्रोअँपच्या आत असेल तर निर्धास्त घ्या. ज्यांच्याकडे दुसऱ्या बनावटीची आहे त्यांनी तो आकडा मोजून खाली लिहा, सोबत सेल बुडाला आहे की बाजूला तेही. किंमत नाही लिहिली तरी चालेल.