फियाट एक, अ‍ॅडव्हान्स दोन

जुनी गाडी मूळ रूपात आणायची की मॉडिफाय करायची, यावर घरात एकमत नसेल तर ती गॅरेजला नेऊ नका. पुढचं सगळं वाचायला वेळ नसेल तर एवढंच लक्षात ठेवा. आमच्या घरातल्या दोन मतांवर सांगलीतल्याच एका गॅरेजवाल्याने आपली पोळी भाजून घेतली. प्रकरण चालू आहे, म्हणून त्याचं नाव लिहीत नाही.

गाडी १९७८ ची प्रीमियर पद्मिनी. कागदावर पद्मिनी, पण गावभागात सगळ्यांच्या तोंडी फियाटच. आप्पांची, म्हणजे आमच्या वडिलांची, हळदीची अडत होती. सकाळी मार्केट यार्ड, पौर्णिमेला औदुंबर, आणि लग्नसराईत गल्लीतल्या कुठल्याही नवरदेवासाठी ती हक्काने मागितली जायची. २०१९ च्या पुरात ती बोळातच अडकली आणि सीट बुडेपर्यंत पाण्यात उभी राहिली. तेव्हापासून बंद. आप्पा गेल्यावर तिचं काय करायचं यावरून दादा आणि त्याचा मुलगा यांच्यात जुंपली. दादाला ती होती तशीच हवी होती, अगदी स्टिअरिंगजवळच्या हँड गिअरसकट. पोराला फ्लोअर गिअर, एसी, अलॉय व्हील, टचस्क्रीन असं सगळं पाहिजे होतं. "आत्या, गाडी चालवायची का नुसती पुसायची?" असं तो मला विचारायचा, आणि त्याचंही काही अगदीच चूक नव्हतं. चारी चाकांना ड्रम ब्रेक असलेली गाडी घेऊन आजच्या पुणे हायवेला जायचं म्हणजे पोटात गोळा येतोच.

गॅरेजवाल्याने दोघांना वेगवेगळं गाठलं. दादाला म्हणाला, "मालक, असल्या गाडीला हात लावायचा म्हणजे देवाचं काम. २०२८ ला पन्नास वर्षं भरतात, व्हिंटेजचा नंबर घेऊ, मग बघा भाव." पोराला म्हणाला, "जुन्या माणसांना कळत नाही, तू फक्त डिझाइन पाठव." दादाकडून ६० हजार, पोराकडून ७५ हजार. बापलेक या विषयावर बोलतच नसल्याने दोघांनीही एकमेकांना पत्ता लागू दिला नाही. पावती कुणालाच नाही. एकाला वहीच्या पानावर आकडा मिळाला, दुसऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठा.

व्हिंटेजची गोष्ट त्याने अर्धीच सांगितली होती. २०२१ च्या जुलैत केंद्र सरकारने हे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली खासगी गाडी त्यात बसते, नंबरात व्हीए अक्षरं येतात, नोंदणीची फी २० हजार. पण गाडी मूळ रूपात हवी; चासी, बॉडी, इंजिन यात मोठा बदल केलेला चालत नाही. शिवाय ती रोजच्या वापराला काढता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. म्हणजे दादाला दाखवलेलं स्वप्न आणि पोराकडून घेतलेली ऑर्डर एकाच गाडीत मावणंच शक्य नव्हतं. हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

त्याने पहिलं काम केलं ते गाडी खोलण्याचं. इंजिन उतरवलं, सीटा काढल्या, काचा काढल्या, डॅशबोर्डचा पत्रा टचस्क्रीनसाठी कटरने कापला, फ्लोअर गिअरसाठी मधला पत्रा फाडला. खोललेली गाडी दुसरीकडे न्यायची कशी? टेम्पोत सांगाडा जातो, पण नटबोल्टांचे डबे, वायरिंग, बिजागऱ्या कुठल्या कोपऱ्यात आहेत हे त्यालाच माहीत. मग फोन सुरू झाले. पत्रा जास्त सडलाय, अजून २० पाठवा. क्रँक लेथला दिलाय, अजून १५. दादाही देत गेला आणि पोरगाही.

बिंग फुटलं ते आईच्या नेलपेंटमुळे. आप्पा गाडी दामटायचे म्हणून आईने मीटरच्या काचेवर ६० च्या आकड्यावर लाल नेलपेंटचा ठिपका दिला होता, "याच्या पुढं काटा गेला तर मी उतरणार" म्हणून. तो ठिपका आम्ही लहानपणापासून बघत आलो. पोराला एके रात्री मोबाइलवर जुन्या सामानाची जाहिरात दिसली: फियाटचा ओरिजिनल मीटर, चालू स्थितीत. फोटोत काचेवर तोच ठिपका, कडेला किंचित ओघळलेला. त्याच माणसाच्या यादीत बंपर होता, पुढची जाळी होती, दारांचे हँडलही होते. पोराने फोटो मला पाठवला आणि त्या रात्री बापलेक पहिल्यांदा या विषयावर बोलले.

मॉडिफाय करण्यात गॅरेजवाल्याला एवढा रस कशासाठी होता ते मला तेव्हा कळलं. नवं सामान लावण्यात त्याला मिळतं तेवढंच जुनं काढण्यात मिळतं. फियाटचं उत्पादन बंद होऊन पाव शतक झालं, त्यामुळे चांगल्या स्थितीतल्या मूळ सामानाला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. आणि "हे आता भंगार" म्हटलं की मालक ते परत मागतही नाही.

आम्ही गाडी उचलून कुपवाडच्या ओळखीच्या मिस्त्रीकडे नेली. त्याने खिशातून चुंबक काढून दाराच्या खालच्या कडेला लावलं, ते चिकटलंच नाही. हाताएवढ्या पट्ट्यात पत्राच नव्हता. आत वर्तमानपत्राचा बोळा, त्यावर पुट्टी, वरून रंग. मग त्याने इंजिनच्या ठोकळ्यावरचा नंबर घासून पुसून वाचायला सांगितला. आरसी बुकातला आणि हा जुळेना. आमचं इंजिन गेलं होतं, त्या जागी कुणाचं तरी झिजलेलं आलं होतं.

पत्रा नवा घालता येईल, पण इंजिनाचं दुखणं मोठं आहे. पंधरा वर्षं झालेल्या खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते, त्या वेळी आरटीओत चासी आणि इंजिन नंबर कागदाशी ताडून बघतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार इंजिन बदलायचं तर परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. आणि हे इंजिन मुळात कुणाचं, हेच कुणी सांगत नाही.

चौकीत आधी "हा दिवाणी मामला" असं ऐकून घ्यावं लागलं. आरसी बुक, गाडी नेतानाचे पोराने हौसेने काढलेले व्हिडिओ आणि जाहिरातीचे स्क्रीनशॉट पुढे ठेवल्यावर तक्रार घेतली. विश्वासघात भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली येतो, फसवणूक ३१८ खाली. दोन्हींचा उल्लेख आमच्या वकिलांनी अर्जात केला. जिल्हा ग्राहक आयोगातही गेलोय. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही, मात्र दोन वर्षांच्या आत जावं लागतं. बाकीचे पैसे यूपीआयने गेले होते, तेवढी खूण राहिली. रोख दिलेले २० हजार तो मान्यच करत नाही.

कुपवाडच्या मिस्त्रीने काम घ्यायच्या आधी स्वतःच कागद केला: काढलेला प्रत्येक भाग आमच्या पोत्यात, इंजिन आणि चासी नंबराचा पेन्सिलने घेतलेला ठसा कागदाला टाचलेला, पुट्टी मारण्याआधी उघड्या पत्र्याचा फोटो, आणि पैसे झालेल्या कामाचेच. कटर लावायचा तर दादा आणि पोरगा, दोघांची सही. सध्या नुसता पत्रा जोडणं चालू आहे. एसी आणि टचस्क्रीनचा विषय पोराने स्वतःच बाजूला ठेवलाय, ब्रेकचा मात्र नाही, आणि त्यात मी त्याच्या बाजूने आहे.

सांगली, मिरज, कोल्हापूर भागात कुणी जुन्या फियाटचं सामान घेत असेल तर एक विनंती. आप्पांनी चारही व्हीलकॅपच्या आतल्या बाजूला पिवळ्या ऑइलपेंटने हळकुंडासारखी आडवी खूण केली होती. अशी व्हीलकॅप विकायला आली तर विकणाऱ्याकडे बिल मागा, आणि मिळालं नाही तर फोटो काढून ठेवा.