दुभंगलेला ओठ: आधी प्लेट की थेट ऑपरेशन?

बाळ तीनेक महिन्यांचं झालं, वजन भरलं अन् हिमोग्लोबिन १० वर असलं की ऑपरेशन, हे तुम्हाला डॉक्टरांनी सांगितलंच असेल. ओठ शिवायच्या दोन पद्धती, मिलार्ड की त्रिकोणी फ्लॅप, हा वाद आपण घालू नये; सर्जनचा हात जिच्यावर बसलाय ती चांगली. (मिलार्डमध्ये व्रण नाकाखालच्या उभ्या कडेत बराचसा लपतो, म्हणून आम्हाला ती बरी वाटली, इतकंच.) आपल्याला ठरवायचं ते हे की, तोवर तोंडात प्लेट (टाळूला लागून बसणारा, मापानं केलेला प्लास्टिकचा साचा) बसवायची की नुसतं थांबायचं.

प्लेटमागचा विचार पटतो. नवजात बाळाच्या नाकाची कूर्चा, म्हणजे लवचिक हाड, मऊ असते. पहिल्या काही आठवड्यांतच सुरुवात केली तर हिरडीतली फट जवळ येते, पुढे नाकपुडीलाही उचल मिळते, अन् टाक्यांवर ताण कमी येतो. दर आठवड्याला दंतवैद्य प्लेट थोडी घासतो, थोडी भरतो.

पण ती टिकते कशावर? गालावरच्या टेपवर. दोन्ही गालांना पट्ट्या, त्यांना बारीक रबर, ते प्लेटच्या खुंटीत अडकवायचं. आमचं बाळ मार्चमधलं. एप्रिल तापला अन् टेप घामानं सुटू लागली. कूलरसमोर निजवलं तर दमट हवेनं कडा आणखी लवकर वळायच्या. टेप सुटली की प्लेट सैल, की रडारड, की लाळेनं उरलीसुरली पट्टीही जायची. ओल्या कापसानं कितीही हळू काढा, गाल सोलवटायचेच. टेपखाली लावायची संरक्षक पट्टी आणली, थोडा फरक पडला. नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते भाजून काढणारे नऊ दिवस, तर अजून यायचाच होता. बायको म्हणाली, "अहो, ओठ शिवायच्या आधी गालालाच जखमा करायच्या का?" डॉक्टरांना विचारून प्लेट थांबवली.

ओठ छान जुळला. डावी नाकपुडी अंमळ बसकी आहे. प्लेट चालू ठेवली असती तर उठली असती का, छातीठोक सांगवत नाही.

खर्चाचं म्हणाल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून ऑपरेशन मोफत होऊ शकतं. पण प्लेटसाठी काटोल-उमरेडहून दर आठवड्याला मजुरी बुडवून नागपूरला यायचं म्हणजे सोपं नाही.

फट एकाच बाजूला, फार रुंद नाही अन् बाळ उन्हाळ्यातलं, तर मी पुन्हा थेट ऑपरेशनच निवडीन. दिवाळीच्या सुमाराचं असतं तर कदाचित प्लेट रेटली असती. आणि फट दोन्ही बाजूंना असेल, मधला भाग पुढे आलेला असेल, तर माझं ऐकू नका. पहिल्या पंधरवड्यातच दंतवैद्याला दाखवा.