सर्ज एक्सटी : नाटकाच्या पार्श्वसंगीतासाठी काही महिने वापरल्यावर

फुकट आहे म्हणून सर्ज एक्सटी हा संगणकावरचा सिंथेसायझर उतरवून घेतला होता. टिकला तो मॉड्युलेशनमुळे, म्हणजे आवाजाचे गुण आपोआप हलते ठेवण्याच्या सोयीमुळे. मूळ सर्ज 2018 मध्ये ओपन सोर्स झाला, एक्सटी 2022 मध्ये आला. माझं काम प्रायोगिक नाटकांचं. तालीम दादरला, प्रयोग माटुंग्याला, लॅपटॉप पाठीवर आणि मी लोकलमध्ये.

व्हायटल या दुसऱ्या सिंथेसायझरमध्ये एलएफओ (आवाजाचा एखादा गुण संथपणे वरखाली हलवणारी लहर) उचलून हव्या त्या नॉबवर सोडला की झालं. सर्जमध्ये आधी एलएफओ 'आर्म' करायचा, म्हणजे जोडायला तयार ठेवायचा, मग ज्या ज्या स्लायडरवर परिणाम हवा तो ओढून किती ते ठरवायचं. सुरुवातीला हे उलटं वाटतं. पण एकच एलएफओ फिल्टर, पिच, पॅन अशा तीन ठिकाणी लावायचा असेल तर हीच रीत भराभर होते.

खरी गंमत व्हॉइस आणि सीन या दोन जातींच्या एलएफओंत आहे. सीन म्हणजे इथे नाटकातला नव्हे, तर सिंथमधल्या आवाजाचा एक पूर्ण संच; प्रत्येक सीनमध्ये दोन्ही सहा-सहा. व्हॉइस एलएफओ प्रत्येक सुरासाठी वेगळा सुरू होतो, सीन एलएफओ सगळ्या सुरांना एकत्र हलवतो. दरबारीचा कोमल गंधार हवा होता, तेव्हा व्हॉइस एलएफओ पिचला जोडला आणि त्याच्याच एन्व्हलपमध्ये (लहर कधी सुरू होते, कशी वाढते ते ठरवणाऱ्या भागात) डिले, म्हणजे उशीर, दिला. सूर आधी स्थिर लागतो, मग आंदोलन येतं. तरी ते घड्याळी वाटत होतं. मग दुसरा एलएफओ, नॉइज आकाराचा, म्हणजे अनियमित हलणारा, पहिल्याच्या रेटला (वेगाला) जोडला. गवई नाही झाला, पण यंत्रही नाही राहिलं. शिवाय स्काला फाइल (स्वरांच्या जागा लिहिलेली फाइल) लोड करून शुद्ध गंधार 14 सेंटने उतरवता येतो; सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. तंबोऱ्याच्या ड्रोनवर हा फरक कानाला लगेच कळतो.

टेम्पो सिंक, म्हणजे एलएफओ ठरावीक लयीला बांधणं, मात्र मी नाटकात वापरतच नाही. नट रोज वेगळ्या जागी थांबतो, त्याला कसला बीपीएम (मिनिटाला ठोके)? त्यापेक्षा आठ मॅक्रो, म्हणजे एकाच वेळी अनेक गोष्टी हलवणारे हाताचे नॉब, बरे. व्हॉइस एलएफओ इफेक्टपर्यंत पोचत नाही, त्यामुळे रिव्हर्बसाठी (घुमण्याच्या इफेक्टसाठी) मी मॅक्रोच घेतो. तोच मॅक्रो फिल्टरलाही जोडायचा, कीबोर्डच्या नॉबवर घ्यायचा आणि नटाच्या श्वासाबरोबर फिरवायचा.

स्क्रीनवर गर्दी आहे, लहान लॅपटॉपवर झूम वाढवावाच लागतो. पण मॉड्युलेशनची यादी एका वेगळ्या खिडकीत दिसते आणि तिथे एकेक जोडणी म्यूट करता येते. तालमीत दिग्दर्शक म्हणतो, "ते थरथरणं काढ रे." म्यूट. दुसऱ्या दिवशी, "कालच्या आधीचंच बरं होतं." पुन्हा एक क्लिक.