वडिलांची बिडी सोडवायला च्युइंगम की पॅच?

आमच्या आप्पांना दिवसाला एक बंडल बिडी लागायची, तीही पंचेचाळीस वर्षांपासून. आधी दोन महिने निकोटिनचं च्युइंगम करून पाहिलं, मग पॅचवर, म्हणजे अंगाला चिकटवायच्या निकोटिनच्या पट्टीवर आलो. मी काही डॉक्टर नाही, जे घरात झालं तेवढंच सांगतोय, तुमच्याकडे उलटंही होऊ शकतं.

च्युइंगम हाताशी असतं, स्वस्तात सुरुवात होते, म्हणून आम्हीपण तिथूनच सुरू केलं. आप्पांची पहिली बिडी अंथरुणातच पेटायची. उठल्यापासून अर्ध्या तासात ओढणाऱ्याला 2 मिलिग्रॅमचं पुरत नाही, म्हणून डॉक्टरांनी 4 चं लिहून दिलं. हे चावायचं असतं थोडंच, जिभेला तिखट लागलं की गालात दाबून ठेवायचं, चव गेली की परत थोडं. आप्पांनी पहिल्या दिवशी भाजलेल्या शेंगांसारखं खाल्लं. उचक्या, छातीत जळजळ, आणि वर मलाच, "हाई काय रबर दिन्हं तू माले?"

पण ते शिकले नंतर. खरा वैताग चहाचा.

च्युइंगम तोंडात घालायच्या आधी पंधरा मिनिटं आणि ते तोंडात असेपर्यंत चहा-कॉफी चालत नाही, निकोटिन गालातून नीट आत जातच नाही. आता हे अमळनेरच्या माणसाला सांगून बघा! सकाळी घरचा चहा, स्टॅण्डवर कुणी भेटला की चहा, मार्केट यार्डात कापसाचा भाव विचारायला गेले की व्यापाऱ्याचा चहा, आणि नाही म्हटलं तर समोरच्याला वाटतं याचं काहीतरी बिनसलंय. आप्पा काय करायचे, तोंडातलं च्युइंगम कागदात गुंडाळून खिशात, चहा घ्यायचा, कप ठेवला की तेच परत तोंडात. मग त्याचा काय उपयोग, दहा मिनिटांत तलफ यायची आणि बाजूचा माणूस बंडल पुढे करायचाच. मी दिवसातून सहा फोन करायचो, "चहा घेतला का, च्युइंगम कधी घेतलं", शेवटी माय म्हणाली तू मुलगा आहेस का हवालदार. घरात बिडीपेक्षा माझ्याच कटकटीचा धूर जास्त झाला होता खरं तर.

पॅचचं तसं नाही. सकाळी अंघोळ झाली की दंडावर नाहीतर पाठीवर लावायचा, दिवसभर विषय नाही. चहा कितीही घ्या. आप्पा स्वतःच बाही वर करून म्हणतात, "लाई दे रे भाऊ." 21 मिलिग्रॅमपासून सुरू केला, मग 14, आता 7.

त्रास यातही आहेच. आमच्या इथे लगेच मिळाला नाही, जळगावहून मागवावा लागला, खिशालाही जड. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसवर गेला की घामाने कडा सुटतात, म्हणून अंग पंख्याखाली पूर्ण कोरडं करायचं, तेल-पावडर नाही, तळहाताने दाबून धरायचं आणि रोज जागा बदलायची नाहीतर चामडी लाल होते. सुरुवातीला रात्रभर ठेवला तर आप्पांना काहीच्या काही स्वप्नं पडायला लागली, डॉक्टर म्हणाले झोपताना काढा, बंद झाली. आणि पॅच सावकाश काम करतो, एकदम आलेली तलफ त्याने भागत नाही. थंडीत शेतात भरीत पार्टी झाली, जेवण झाल्यावर सगळे बिड्या पेटवून बसले तेव्हा आप्पांनी माझ्याकडे असं काही बघितलं की खिशातलं जुनं च्युइंगम काढून दिलंच. दोन्ही मिळून चालतं, पण ते डॉक्टरांना विचारूनच, आम्ही नंतर विचारलं आणि बोलणी खाल्ली.

त्यामुळे ज्याची तलफ ठराविक वेळेलाच येते, चहा कमी आणि स्वतःचं स्वतः सांभाळतो, त्याला कदाचित च्युइंगमच बरं पडेल. आप्पांसारखा माणूस असेल तर मी उगाच दोन महिने घालवणार नाही. पॅच लावून वर बिडी ओढायची नाही एवढं मात्र पहिल्याच दिवशी बजावून ठेवा.

घरचं माणूस डॉक्टरकडे यायलाच तयार नसेल तर 1800-11-2356 या तंबाखू सोडवायच्या सरकारी नंबरवर बोलणं करून द्या, फुकट आहे. आप्पा आधी माझ्याशी नाही, तिथल्या बाईंशीच नीट बोलले.

हां, आणि कवळी असेल तर च्युइंगम राहूच द्या, चिकटतं. आमच्या मामांची निघाली होती.