समुद्रकिनारी बेली डान्सचा क्लास आणि बुडालेली फी

समुद्रकिनाऱ्यावरच्या शहरात पर्यटकांच्या हंगामात जे क्लास उगवतात, त्यांतल्याच एका बेली डान्सच्या क्लासने आमच्या अख्ख्या बॅचच्या तोंडाला पानं पुसली. तक्रार अजून चालू असल्यामुळे नाव घेत नाही. पण पद्धत जशी होती तशी सांगते, कारण हीच मंडळी गाव बदलून दुसऱ्या किनाऱ्यावर पुन्हा बोर्ड लावतात.

हंगामात हॉटेलांमध्ये रात्री नाचाचे कार्यक्रम असतात. दिवसा तेच हॉल रिकामे असतात आणि तासावर भाड्याने मिळतात. मग काचेपलीकडे समुद्र, कमरेला नाण्यांचा पट्टा आणि मंद दिवे असा एक व्हिडिओ फिरू लागतो. व्हिडिओत नाचणारी बाई आणि क्लास घेणारी बाई वेगळी होती, हे आम्हाला फार उशिरा कळलं. चेहरा मुद्दामच ओढणीआड ठेवलेला होता.

पहिला तास फुकट होता आणि खरोखर छान झाला. बाईंचं बोलणं अतिशय लाघवी. तास संपला, सगळ्यांच्या अंगात उत्साह होता आणि नेमक्या त्याच क्षणी रजिस्टर पुढे आलं. ‘ताई, आज पूर्ण वर्षाचे भरलेत तरच सवलत. उद्यापासून दर वाढतोय.’ वर्षाच्या फीमध्ये किनाऱ्यावरच्या मोठ्या शोची प्रवेश फी मिळवलेली आणि पोशाखाचा अॅडव्हान्सही. पावती मागितली तर ‘व्हॉट्सअॅपवर टाकते’ असं उत्तर मिळालं. ती पावती कधीच आली नाही.

भिंतीवर ‘आंतरराष्ट्रीय मास्टर टीचर’ असं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेलं होतं. हे नीट लक्षात ठेवा: बेली डान्ससाठी जगभर मानली जाणारी एकच परीक्षा किंवा एकच मंडळ नाही. कुणीही कार्यशाळा घेतो आणि आलेल्यांना प्रमाणपत्र देतो. ती कार्यशाळा उत्तम असू शकते किंवा एका दुपारची हजेरीही असू शकते. म्हणून कागदापेक्षा माणसाला प्रश्न विचारा: कुणाकडे शिकलात, किती वर्षं, आणि आता कुणाकडे शिकता? चांगले शिक्षक या प्रश्नावर खुलतात, आपल्या गुरूंबद्दल भरभरून बोलतात. आमच्या बाईंनी ‘कैरोला शिकलेय’ एवढंच सांगून विषय बदलला.

इतिहासाच्या नावाखाली तर काहीही खपवलं. हे फेअरोंच्या, म्हणजे प्राचीन इजिप्तच्या राजांच्या, मंदिरातलं गुप्त स्त्री-नृत्य, ते करणारीच्या पोटाचे सगळे विकार जातात, असं काय काय. त्या ‘गुप्त विद्येचा’ वरचा वर्ग म्हणून वेगळे पैसे. वास्तविक या नृत्याचं खरं वैभव लपवण्यासारखं मुळीच नाही. इजिप्तमधल्या घरगुती आणि लग्नाकार्यातल्या नाचाला कैरोच्या रंगमंचावर विसाव्या शतकात नवं रूप आलं. नर्तकी बदिया मसाबनी यांच्या नाइटक्लबमधून ताहिया कारिओका आणि सामिया गमाल यांच्यासारख्या नर्तकी पुढे आल्या. १९५९ मध्ये नृत्यदिग्दर्शक महमूद रेदा यांनी आपला संच काढला आणि इजिप्तचं लोकनृत्य थिएटरच्या मंचावर नेलं. ज्याला ही नावंच ठाऊक नाहीत आणि मंदिराच्या गोष्टी मात्र तोंडपाठ आहेत, त्याच्या हाती वर्षभराचे पैसे देऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

शिकवण्यातली लबाडी ओळखायची सगळ्यात सोपी जागा म्हणजे ताल. मकसूम हा या नृत्याचा रोजचा ताल: दुम तक, तक दुम, तक. दुम म्हणजे खोल ठोका, तक म्हणजे टणक ठोका. सईदी या दुसऱ्या तालात मधले दोन दुम लागोपाठ येतात, त्यामुळे पावलाचं वजनच बदलतं. आमच्यातल्या एकीने हा फरक विचारला तेव्हा बाई म्हणाल्या, ‘तालाकडे लक्ष नको, फील घ्या.’ प्रत्यक्षात चाललं होतं ते झुंबाच्या स्टेप्स, वर नाण्यांचा पट्टा. शिमी म्हणजे नुसतं अंग हलवणं असं शिकवलं जात होतं. शिमी गुडघ्यांतून निघते: गुडघे सैल, एकापाठोपाठ एक हलके वाकतात आणि कंबर आपोआप थरथरते. गुडघे ताठ ठेवून जोर लावला की सगळा भार पाठीवर येतो. पुढे शोसाठी ‘फोटो चांगले येतात’ म्हणून अंग गरम न करता सगळ्यांना मागे कमान करायला लावली आणि एका मुलीची पाठ धरली. तिला बरं व्हायला बरेच दिवस लागले, आणि बाईंनी साधी चौकशीही केली नाही. पैशांपेक्षा मला याचा राग जास्त आहे.

सामानाचंही तेच. बोटांत घालायचे छोटे पितळी टाळ म्हणजे झिल्स, एका हातात दोन, अंगठा आणि मधल्या बोटाला. सरावाच्या झिल्सना दोन फटी असतात आणि त्यांतून चपटं इलॅस्टिक घट्ट बसतं. आम्हाला सक्तीने विकलेल्या झिल्सना एकच भोक, त्यात दोरी ओवलेली. त्या बोटावर गरागरा फिरत आणि आवाज पत्र्याच्या झाकणासारखा येई.

हंगाम संपत आला तसे तास रद्द होऊ लागले. आज हॉलमध्ये गळती, उद्या बाईंना ताप, मग ‘शोची तारीख पुढे गेली’. एका सकाळी हॉलला कुलूप आणि ग्रुपमधून आम्ही सगळ्या बाहेर. हॉलच्या मालकाकडे गेलो तर त्यांचंही भाडं थकलेलं. बाईंनी गाशा केव्हाच गुंडाळला होता.

यापुढचं जास्त महत्त्वाचं. बॅचमधल्या निम्म्याअधिक जणींनी घरी योगाचा क्लास सांगितला होता. सरावाचे व्हिडिओ ‘चुका दाखवायला’ म्हणून बाईंच्या फोनवर घेतले जात. एकीने पैसे परत मागितल्यावर तिला तिचाच व्हिडिओ पाठवण्यात आला, खाली फक्त एक ओळ: ‘घरी दाखवलात का?’ त्यानंतर ग्रुपबाहेरही अळीमिळी गुपचिळी झाली. हा सगळा धंदा त्या गप्प बसण्यावर उभा होता. बाईंना चांगलं माहीत होतं की या नाचाचं नाव काढून पोलीस ठाण्यात जाणाऱ्या थोड्याच निघतील. शेवटी ती मुलगी स्वतः आईला घेऊन ठाण्यात गेली, तो निरोप दाखवला आणि त्यानंतर बाकीच्या बोलू लागल्या. व्हिडिओ दाखवून धमकावणं हाही गुन्हा आहे. असा निरोप आला तर उत्तर देऊ नका, पुसू नका. तारीख आणि नंबर दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या आणि थेट तक्रार करा.

पैशांचं म्हणाल तर ज्यांनी कार्डने भरले होते त्यांनी बँकेकडे ‘सेवा मिळाली नाही’ म्हणून वाद नोंदवला आणि त्यांतल्या काहींना रक्कम परत मिळाली. या तक्रारीला मुदत असते, म्हणून क्लास बंद पडल्याबरोबर बँकेत जायला हवं. रोख देणाऱ्यांच्या हातात काहीच पुरावा नव्हता. हॉलच्या मालकांनी मात्र बुकिंगची वही दाखवली. तिच्यात बाईंनी हंगामाच्या शेवटापर्यंतच हॉल घेतल्याची नोंद होती, तीही आमच्याकडून वर्षाची फी घेण्याच्या आधीची. ती नोंद आता आमच्या तक्रारीला जोडलेली आहे. तुमच्या क्लासचा हॉल भाड्याचा असेल, तर पैसे भरण्याआधीच मालकाला विचारा: बुकिंग कुठल्या महिन्यापर्यंत आहे?

आमच्यातल्या काही जणी आता दुसऱ्या एका बाईंकडे शिकतात. त्या महिन्याची फी महिन्याला घेतात, पावती हातात देतात आणि व्हिडिओ ज्याचा त्याच्याच फोनवर काढायला सांगतात. सुरुवातीचे कितीतरी तास त्यांनी फक्त उभं कसं राहायचं, हेच शिकवलं.