हेमिंग्रे-४२ काचेचा इन्सुलेटर: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या जूनमध्ये मी हेमिंग्रे कंपनीचा हेमिंग्रे-४२ हा जुना काचेचा इन्सुलेटर, म्हणजे खांबावर तार पेलून तिचा प्रवाह खांबात जाऊ न देणारा भाग, मागवला. लहानपणी सांगली-मिरज रेल्वेमार्गालगतच्या तारांच्या खांबांवर चिनी मातीचे पांढरे इन्सुलेटर पाहिले होते. काचेचा हाती घेण्याची ही पहिलीच वेळ. अमेरिकेत इंडियाना राज्यातील मन्सी येथील कारखान्यात घडलेली ही वस्तू सुमारे चार इंच उंच, हाताला जड आणि निळसर हिरवी आहे. हा रंग प्रामुख्याने वाळूतील लोहाचा आहे.

विक्रेत्याने पाठवलेल्या छायाचित्रांत खालची कड कुठेच दिसत नव्हती आणि माझी फसगत तिथेच झाली, कारण पाणी गळून जावे म्हणून त्या कडेला असलेल्या बारीक दात्यांपैकी दोन उडालेले निघाले. खालून घेतलेले छायाचित्र पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

वस्तू आली तेव्हा काजळीने माखलेली होती आणि साबणाचा काही उपयोग होईना. शेवटी ऑक्झॅलिक आम्लाच्या सौम्य द्रावणात ती तीन दिवस बुडवून ठेवली. हे आम्ल विषारी असल्याने हातमोजे घातले आणि प्लास्टिकची बादली मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवली. चौथ्या दिवशी मऊ ब्रश फिरवताच काळा थर सुटला आणि आतल्या आट्यांपाशी अडकलेला तांदळाएवढा हवेचा बुडबुडा दिसला. त्या बुडबुड्यासाठी मी दोन दात्यांचे दुःख विसरलो.

इन्सुलेटर खांबावरच्या लाकडी खुंटीवर फिरवून बसवण्याचे हे आटे लुई कोव्हे या संशोधकाच्या १८६५ च्या पेटंटामुळे रूढ झाले. त्याआधीचे बिनआट्यांचे इन्सुलेटर खुंटीवरून निसटत. आमच्या सुताराला इतके जाड आटे पाडता आले नाहीत, म्हणून बाभळीच्या साध्या खुंटीला कापड गुंडाळून मी तो ऑगस्टच्या पावसात गच्चीवर उभा केला. कडेच्या दात्यांचे पेटंट २ मे १८९३ चे. पाणी दात्यांच्या टोकांशी जमून थेंबाथेंबाने गळत होते. दाते उडाले होते तिथे मात्र ते कडेवरूनच ओघळत राहिले. तासाभराने आत बोट घालून पाहिले, तर आटे कोरडे होते. बाहेरची काच ओली झाली तरी आतली कोरडी राहते, म्हणूनच तारेतला प्रवाह खांबात झिरपत नाही.

गडद जांभळ्या नगांपासून मात्र सावध राहावे. मँगनीज असलेली काच उन्हाने जांभळी होते हे खरे, पण किरणोत्सर्गाचा मारा करूनही तो रंग आणला जातो.

आता हा पूर्वेच्या खिडकीत आहे. पुढचा नग गुळगुळीत कडेचा घेईन आणि येत्या पावसाळ्यात दोन्ही शेजारी ठेवून पाहीन.