रविवार पेठेतलं लोकरीचं दुकान : मुलांसाठी बाहुल्या विणत असाल तर इथे जाच

गेली दोन वर्षं मी या दुकानातून लोकर घेतेय पण रिव्ह्यू लिहायचं राहूनच जात होतं. परवा आमच्या ग्रुपच्या दीडशे बाहुल्या पूर्ण झाल्या आणि पहिल्या दहा सोडल्या तर बाकी सगळ्यांची लोकर इथलीच आहे, म्हणून आज लिहायला बसले. आम्ही सातजणी आहोत, कोथरूड-कर्वेनगरच्या, बहुतेक रिटायर्ड, आणि उपचारांसाठी गावाकडून आलेल्या आजारी मुलांची राहायची सोय करणारी एक संस्था आहे तिच्यासाठी वीतभर उंचीच्या बाहुल्या नि अस्वलं विणतो.

पहिल्या दहांची गोष्ट आधी सांगते कारण त्याशिवाय हे दुकान मला एवढं का आवडतं ते कळणार नाही. सुरुवातीला मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून तयार किट मागवलं होतं, लोकर, प्लास्टिकचे डोळे, भरायचा कापूस सगळं एका पाकिटात. फोटोत छान दिसत होतं हो. दहा बाहुल्या झाल्या, द्यायच्या आधी एकदा धुवून बघू म्हणून बादलीत टाकल्या तर लाल रंग सगळा पाण्यात, गोऱ्या तोंडाच्या बाहुल्या गुलाबी झाल्या, आतल्या कापसाच्या गाठी झाल्या आणि पावसाळ्याचे दिवस असल्यामुळे तीन दिवस वाळल्याच नाहीत, वास यायला लागला. आणि एका बाहुलीचा डोळा नुसत्या पिळण्याने माझ्या हातात आला! तो डोळा मी बराच वेळ तळहातावर घेऊन बसले होते. मटाराएवढा होता. हा एखाद्या दीड वर्षाच्या बाळाच्या तोंडात गेला असता तर, असं मनात आलं नि त्या रात्री झोप लागली नाही. दहाच्या दहा उसवल्या.

त्यानंतर शेजारच्या काकूंनी हे दुकान सांगितलं. बोहरी आळीकडून आत वळलं की पाच मिनिटं चालत, बोर्ड लहान आहे, लक्ष देऊन बघावं लागतं. आत जेमतेम तीन माणसं उभी राहतील एवढी जागा आणि जमिनीपासून छतापर्यंत लोकर. काउंटरवर काका असतात. मी गोळे दाखवा म्हटलं तर त्यांनी एकही गोळा काढला नाही, आधी विचारलं, "ताई, कोणासाठी विणताय?" मी सांगितलं लहान मुलांसाठी, आजारी आहेत. मग म्हणाले, "म्हणजे रोज धुतलं जाणार आणि तोंडात जाणार. मग मी सांगतो तेच घ्या."

आणि त्यांनी जे केलं ते मी आजवर कुठल्याच दुकानात बघितलं नव्हतं. लाल गोळ्याचा हातभर धागा तोडला, पेल्यातल्या पाण्यात बुडवला आणि स्वतःच्या पांढऱ्या रुमालात घट्ट दाबून धरला, मिनिटभर गप्पा मारत राहिले नि रुमाल उघडून दाखवला. फिकट गुलाबी रेघ उठली होती. तो गोळा त्यांनी परत वर ठेवला आणि दुसरा काढला, त्याची रेघ उठली नाही. आता आम्ही सातहीजणी घरी हेच करतो, गडद लाल, निळा, काळा तर केल्याशिवाय सुईवर घेतच नाही.

लोकर म्हणजे इथे बहुतेक अॅक्रिलिकच, खरी मेंढीची लोकर मागितली तर आहे पण या कामाला ती नको असं काका स्वतःच सांगतात, ती गरम पाण्यात आटते आणि काही मुलांना टोचते. अॅक्रिलिक धुतलं तरी आकार धरून राहतं, लवकर वाळतं. फक्त इस्त्री लावायची नाही, वितळून चपटं होतं. आणि तो फरवाला धागा असतो ना, लांब केसांचा, अस्वलाला फार गोड दिसतो, तो त्यांनी मला दिलाच नाही. त्याचे केस सुटतात आणि बाळाच्या तोंडात जातात म्हणाले. विकायला होता, महागही होता, तरी दिला नाही. याला मी खरा दुकानदार म्हणते.

सुयांचंही इथेच शिकले. मी आयुष्यभर स्वेटर विणले, आठ नंबरच्या सुया म्हणजे ४ मिमीच्या, त्याच घेऊन बाहुली करायला बसले होते आणि टाक्यांच्या मधून आतलं पांढरं भरण डोकावत होतं. काकांनी माझा नमुना उजेडात धरला आणि दहा नंबर दिला, म्हणजे ३.२५ मिमी (नवीन विणणाऱ्यांसाठी, आपल्याकडच्या जुन्या नंबरात आकडा वाढला की सुई बारीक होते, उलटं आहे). वीण इतकी घट्ट आली की बोट दाबलं तरी भोक पडत नाही. स्वेटरला अशी वीण कडक वाटेल पण खेळण्याला हीच पाहिजे. पोनीच्या त्या राखाडी सुया सगळ्या नंबरात असतात त्यांच्याकडे, डोक्यावर नंबर छापलेला असतो त्यामुळे जोडी चुकत नाही.

भरायला कापूस सोडून आता आम्ही रेक्रॉन वापरतो, उशीत घालतात ते, किलोवर मिळतं. धुतल्यावर गाठी होत नाहीत आणि पंख्याखाली एका रात्रीत वाळतं. आणि डोळे? प्लास्टिकचे डोळे काउंटरवर बरणीत ठेवलेले असतात, तीन वर्षांखालच्या मुलांसाठी घ्यायचे नाहीत असं काका येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. मागे वॉशर लावून पक्के बसवले तरी वीण ताणली गेली की टाक्यातून निघू शकतात. आम्ही काळ्या धाग्याने डोळे भरतो, भरण घालायच्या आधीच, म्हणजे मागची गाठ आत नीट बांधता येते.

बाहुलीचा नमुना माझ्या भाचीने टोरंटोहून पाठवलाय. तिकडे याला इझी डॉल म्हणतात. मार्क इझफेल्ड नावाचा कॅनडाच्या सैन्यातला इंजिनियर शांतिसेनेत सुरुंग काढण्याच्या कामावर होता, त्याची आई कॅरल तिथल्या मुलांना वाटायला त्याच्याकडे छोट्या बाहुल्या विणून पाठवायची. तो १९९४ मध्ये क्रोएशियात सुरुंगाच्या स्फोटात गेला आणि त्याच्या सोबत्यांनी बाहुल्यांना त्याचं नाव दिलं. पुढे कॅनडातून आफ्रिकेला औषधं पाठवताना खोक्यात बाटल्यांच्या मधल्या जागेत या बाहुल्या भरायला लागले, म्हणजे काच फुटत नाही आणि उघडल्यावर मुलांना बाहुली मिळते. मी हे काकांना सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत, बिल करताना मात्र दोन गोळे जास्तीचे पिशवीत टाकले. पाय, चड्डी, स्वेटर, तोंड, टोपी सगळं एकाच पट्टीत विणत जायचं, रंग बदलत, शेवटी शिवून भरायचं, मानेशी धागा ओवून किंचित ओढायचा. मधे मधे उरलेले तुकडे संपतात, एका बाहुलीला साधारण २५ ग्रॅम लोकर लागते.

आता तक्रारी. पहिली, लॉट नंबर, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीवर असतो तो नंबर. मला एकदा पिवळा कमी पडला, आठ दिवसांनी त्याच कंपनीचा तोच शेड आणला तर उन्हात दोन पिवळे वेगळे दिसले. घेताना लेबलवरचा लॉट नंबर बघून द्यायला पाहिजे होता, दुकानातल्या मुलाने बघितला नाही, मी पण बघितला नाही. परत घेतला नाही, बिलावर तसं लिहिलेलं आहे. दुसरी, दुपारी दीड ते चार बंद असतं आणि हे बाहेर कुठे लिहिलेलं नाही, मी कोथरूडहून रिक्षाने जाऊन दोनदा परत आलेय, उन्हात. तिसरी, गाडी लावायला जागा अजिबात नाही.

पण सगळ्यात मोठी तक्रार वेगळी होती आणि ती मी तोंडावर केली. बाहुलीच्या तोंडासाठी म्हणून जी लोकर दाखवायचे ती कायम तीच, फिकट गुलाबी-पांढरी. आमच्या मुली-मुलं बीडची, नंदुरबारची, यवतमाळची, सावळी गोड पोरं. पहिल्या वेळी संस्थेत गेलो तेव्हा एका सहा-सात वर्षांच्या मुलीने बाहुली हातात घेतली, औषधांमुळे तिचे केस गेलेले होते, तिने बाहुलीची टोपी चाचपून बघितली आणि विचारलं, "ही काढता येते का?" तशी नव्हती, अंगालाच विणलेली. मग तिने बाहुलीचं तोंड स्वतःच्या हाताशेजारी धरलं आणि म्हणाली, "ही आमच्याकडची नाही." माझ्या पोटात कालवलं.

दुसऱ्याच दिवशी मी दुकानात. काकांना म्हटलं मला बदामी पाहिजे, तपकिरी पाहिजे, गव्हाळ पाहिजे, चार तरी शेड. त्यांनी शेड कार्ड काढलं, लुधियानाच्या एजंटला माझ्यासमोर फोन लावला आणि पंधरा दिवसांत चार शेड आणून दिले, कमीत कमी माल घ्यावा लागेल वगैरे काही म्हणाले नाहीत. टोपी आता आम्ही वेगळी विणतो, काढता-घालता येईल अशी, पण मोठ्या मुलांसाठीच, लहानांची अंगालाच पक्की शिवतो. खाली डोकं साधं, केस नसलेलं. त्या मुलीला एक तशी दिली, गव्हाळ तोंडाची, हिरव्या टोपीची.

जाणार असाल तर सकाळी अकराच्या सुमारास जा, रोख पैसे जवळ ठेवा कारण आत नेटवर्क नीट येत नाही आणि पेमेंट अडकतं, आणि काकांना आधीच सांगा की मुलांसाठी विणताय. गव्हाळ शेड सध्या संपलाय, उरलेले सहा गोळे परवा मीच आणले. नवीन माल पुढच्या आठवड्यात येतोय असं म्हणाले, बदामी मात्र भरपूर आहे.